हिरवं दिसलेलं संत्रं

६ डिसें.
सकाळीच शेंदूरजनाघाटच्या संत्रा व्यापाऱ्याचा फोन. डोक्याला बांधायच्या आमच्या नव्या बॅटऱ्या परत पाठवतोय म्हणे. "ताई, पहाटे तोडाले गेलो तं पिकलं संत्रं हिरवं दिसून राह्यलं. मजूर झाडावरच सोडून देतात." मागच्या खेपेला तक्रार नव्हती. जोडणी माझीच, तीच. एलईडी तेवढे नवे, अमरावतीहून मंदानं पाठवलेले. सख्खी बहीण असली म्हणून काय झालं.

७ डिसें.
नव्या एलईडीच्या पट्टीचं रीळ बाहेर काढलं. एका वेळी बनलेले एलईडीसुद्धा सारखे निघत नाहीत. म्हणून कारखाना उजेड आणि पांढऱ्याची छटा बघून त्यांचे गट पाडतो, गट रिळाच्या चिठ्ठीवर असतो. इथे चिठ्ठी नखानं खरवडलेली! फोन केला. "निघाली असंन वाटेत, मले काय मालूम," आणि लगेच पोरांच्या परीक्षेचं काढलं. लपवतेय काहीतरी.

८ डिसें.
दार लावून नवा कापूस पसरला. भिंतीचा भरवसा नाही, चुन्यात नीळ आहे. त्यावर जुना आणि नवा उजेड शेजारी पाडला. नवा हिरवट. पण जुन्याहून लखलखीत. टाकाऊ माल एवढा उजेड देईल? कळेना. तरी व्यापाऱ्याला सांगून टाकलं, बहिणीनंच हलका माल गळ्यात मारला. राग होता.

११ डिसें.
अमरावती. माझं बोलणं मंदापर्यंत पोचलेलं, व्यापारी तिच्या नवऱ्याच्या, जावईबापूंच्या ओळखीचा. चहाचं विचारलं नाही.
"तूच म्हने ना, उजेड कमी पडते? म्हून उजेडाचा सगळ्यात वरचा गट घेतला. त्यातले हिरव्याकडे झुकतात, हे मले आता समजलं."
मग चिठ्ठी का खरवडली?
"महागाचा गट दिसला असता तं तू माल वापस केला असता. आन् तू? गावभर मले चोर केलं."
ती खरं सांगतेय, की आत्ता जुळवलं? बसमध्ये तेच डोक्यात. मूर्तिजापूरला रडू आलं.

१६ डिसें.
मंदाचं पार्सल. जुन्या गटाचं रीळ, चिठ्ठी शाबूत, वरून चिकटपट्टीसुद्धा लावलेली. निरोप नाही. फोन उचलत नाही.
कापूस पुन्हा पसरला. छटा बरोबर आहे. उजेडही जुन्याइतकाच.
मग चिकटपट्टी सोडवून चिठ्ठीची कड नखानं उचलून पाहिली, खाली दुसरी तर नाही.