समासातली पेन्सिल

घरच्या मालकीणबाईंना सप्रेम नमस्कार,

सकाळपासून कानात तुझ्या पेन्सिलीची खरखर घोळते आहे. संध्याकाळी मी दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी निबंधांचं ते पुस्तक मराठी करून मोठ्यानं वाचायचो आणि तू वाणसामानाची यादी करायचीस.

लेकाकडे मी मजेत आहे. गुडघा फारसा कुरकुरत नाही. तुझा खोकला कसा आहे? "मला नाही जमायचं" म्हणून तू मागे राहिलीस, ते मनात आहेच.

पुस्तक सोबत आणलंय. काल त्यात एक वाक्य दिसलं : एका घरात राहूनही माणूस एकटा असू शकतो. समासात पेन्सिलीची खूण. मी तर खुणा शाईनं करतो. मग ही तुझी? तू इंग्रजी कधी शिकलीस? आणि नेमकं हेच वाक्य का? त्या जुन्या लेखकाला आपलं घर कसं ठाऊक? सुनेला ती खूण दाखवली. सून म्हणते, "बाबा, फोन करून विचारा की." हे फोनवर विचारतात का?

इतकं लिहिलं आणि बेल वाजली म्हणून उठलो. दारात बॅग घेऊन तू. 'कसे आहात' नाही की काही नाही. "पुस्तक न विचारता घेऊन आलात. माझे शेवटचे दोन निबंध वाचायचे राहिलेत."

तेव्हा हे पत्र हातातच देतो. मी चहा टाकतो, तोवर वाच.

तुझाच,
मोठ्यानं वाचणारा