कुबट वासाशी वैर

३ ऑगस्ट, सोमवार

काल ताई आली आणि पाच मिनिटांत माझा निकाल लावून गेली. हात धुतले, टॉवेल उचलला, नाकाशी नेला — आणि असा चेहरा केला, की जणू टॉवेलात उंदीर मेला असावा!

"शी! किती कुबट! अण्णांना असल्या वासात ठेवतोस तू?"

अण्णा, आमचे वडील, वय एक्क्याऐंशी, समोरच चहा पीत होते. त्यांनी कपातून डोकं वर काढलं नाही.

मग बाईसाहेब मुद्द्यावर आल्या. गावाबाहेर एक वृद्धनिवास आहे. स्वच्छ. रोज धुतलेली चादर. सोळा तारखेला ती फॉर्म घेऊन येणार. "तुला एकट्याला झेपत नाही, हे मान्य कर."

नाही करत! बायको सोडून गेली तेव्हाही मी मान्य केलं नव्हतं. चादरच हवी ना? सोळापर्यंत या घरात वास औषधालासुद्धा सापडणार नाही.

४ ऑगस्ट

दुप्पट पावडर घातली. आता ओल्या पोत्यात गुलाब कुजल्यासारखा वास येतो.

६ ऑगस्ट, गुरुवार

आठवडाभर ऊन नाही. खोलीत आडव्या दोऱ्या, त्यांवर कपडे. माझ्याच घरात मी वाकून चालतो. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार-खिडकीवर बसतो मी. आज एक बाई तक्रार सांगता सांगता दोन पावलं मागे सरकली. नळाचं राहिलं बाजूला, आता माझीच तक्रार व्हायची!

संध्याकाळी गठ्ठा घेऊन इस्त्रीवाल्याकडे. वाटलं, गरम इस्त्रीखाली वास मरेल. त्याने एक शर्ट दाबला, वाफ आली, आणि आम्ही दोघेही दुकानाबाहेर आलो.

"साहेब, इस्त्रीने हा मरत नाही, जागा होतो!"

"मग काय करू?"

"पांढरं व्हिनेगर आणि खायचा सोडा. स्वयंपाकघरातच सापडेल."

माझ्या स्वयंपाकघरात काडेपेटी सापडली तरी मी स्वतःची पाठ थोपटतो. वाण्याकडून आणलं.

८ ऑगस्ट, शनिवार

दोन्ही एकाच बादलीत ओतलं. काय तो फेस! बादलीबाहेर, पायांवर, मोरीभर! मला वाटलं, जिंकलो. अण्णा दारात येऊन उभे राहिले.

"कपडे धुतोयस की मुरत घालतोयस?"

वाळल्यावर हुंगून पाहिलं. जैसे थे!

इस्त्रीवाला पोट धरून हसला. "एकत्र? अहो, ती दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं काय? पाणी! आधी व्हिनेगर, बादलीला वाटीभर. अर्धा तास भिजवा, खळबळून काढा. मग सोडा, वेगळ्या पाण्यात. आणि वाळत घालताना कपड्याला कपडा चिकटू द्यायचा नाही. वर पंखा सोडा."

म्हणजे ताईला आणि मला एका खोलीत बसवल्यावर होतं तेच. फेस पुष्कळ, काम शून्य.

घरी येऊन सगळं परत धुतलं. अण्णांच्या चादरीसुद्धा. हाताची सालटं निघाली. निघू देत!

१० ऑगस्ट, सोमवार

टॉवेल हुंगला. काही नाही! उशीचे अभ्रे, काही नाही! शर्टावर इस्त्री फिरली, वाफ निघाली आणि आम्ही दोघे दुकानातच उभे राहिलो. इस्त्रीवाल्याने हात मिळवला.

फक्त अण्णांची चादर. परवा धुतली, आज पुन्हा तोच वास! ही कुठली जात?

११ ऑगस्ट

मीठ आणलं, लिंबं आणली. अण्णांची चादर ओढायला गेलो तर डाफरले, "माझं अंथरूण मी बघीन. तू हात लावायचा नाही!"

बरं. हात नाही लावत. पण सोळा तारीख जवळ आली आहे, हे त्यांना कोण सांगणार?

१३ ऑगस्ट, गुरुवार

कचेरीतले संगणक बंद पडले, दुपारीच घरी आलो. मोरीत पाण्याचा आवाज.

अण्णा स्टुलावर बसून चादर धूत होते. अंगाच्या साबणाने. पिळायला जात होते आणि मनगट वळत नव्हतं. मग तशीच उचलली, पलंगावर पसरली आणि घडी घातली. काठाला काठ जुळवून, चारपदरी. निथळती. कपाटाचा खालचा कप्पा उघडला, तेव्हा मी दिसलो.

"पाणी सांडलं होतं," ते म्हणाले.

"सांडतं," मी म्हणालो.

कप्प्यात अशा चार घड्या होत्या. मी मूर्ख दहा दिवस पावसाला शिव्या देतोय.

१४ ऑगस्ट

आज मोरीत झाकणाची बादली ठेवली, व्हिनेगरचं पाणी घालून. गादीवर मेणकापड घातलं. मग भिंतीकडे बघत जाहीर केलं, "या घरात ज्याचं जे भिजेल, त्याने ते या बादलीत टाकावं. चौकशी होणार नाही. पिळायचं काम माझं."

अण्णा वर्तमानपत्रामागे होते. चहा करून येतो तो बादलीचं झाकण तिरकं! चादर आत.

ये म्हणावं ताईला! कपाटं उघड, कप्पे हुंग, पलंगाखाली शीर! फॉर्मचं विमान करून तिच्याच हातात देतो.

१६ ऑगस्ट, रविवार

ताईने सगळं हुंगलं. वास नाही. "नाही खरंच," म्हणाली. मी म्हणालो, "मग फाड तो फॉर्म!"

तिने तो माझ्यापुढे धरला. खाली सही अण्णांची. तारीख दोन जुलै.

"मी कुठे शोधली जागा? अण्णांनीच फोन केला होता. म्हणाले, त्याला कारण कळू देऊ नकोस, नाहीतर माझं धूत बसेल."

अण्णा कपातून डोकं वर न काढता म्हणाले, "महिनाअखेरीला खोली मोकळी होतेय."

म्हणजे भांडण अण्णांशी आहे. पंधरा दिवस आहेत हातात. ताईशी सोपं होतं.