बोट खाली न होण्याचे कारण

ती. स्व. बंकटअण्णांच्या चरणी,

तेलगावहून तुमच्या बहिणीचे, शिवकन्येचे यजमान बद्रीनाथ यांचा दंडवत. तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि ती मारकी म्हैस, सगळे खुशाल असतील. इकडे सगळे ठीक. फक्त शिवकन्येने चहात साखर टाकणे बंद केले आहे. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. (त्यालाही उशीर झाला, कारण लिहायचे बोट तेच, ज्यावर तुम्ही रागावलात.)

भाचीच्या, तेजश्रीच्या साखरपुड्यात तुम्ही “लग्नात बुंदीच पाहिजे” म्हणालात आणि मी तुमच्या नाकासमोर बोट नाचवले, असा पाहुण्यांत बोभाटा आहे. खरी हकिकत अशी की, आदल्या दिवशी गोऱ्ह्याने हिसडा दिला आणि दाव्यात अडकून माझे अंगठ्याशेजारचे बोट मोडले. डॉक्टरांनी ते ताठ प्लास्टरमध्ये घातले. फोटोत वाईट दिसू नये म्हणून शिवकन्येने वरून फेट्याचे उरलेले कापड गुंडाळले. (नवरदेवही इतका नटला नव्हता.) मी हात वर केला तो ‘अण्णा म्हणतील तसं’ एवढेच म्हणायला. बाकीची बोटे वाकली, हे वाकेना. तुम्ही ओरडलात, “दाजी, बोट खाली करा!” मी आपले खरे ते सांगितले, “अण्णा, दीड महिना तरी ते खाली व्हत न्हाई!” झाले. तुम्ही उपाशी निघून गेलात.

तेजश्री बीडला आयुर्वेद शिकते. ती म्हणाली, “पप्पा, त्या बोटाचं नावच तर्जनी. संस्कृतात तर्ज् म्हंजी धमकावणं. मामाला राग येणारच की.” आता बघा, मी जन्मात बैलालाही ‘बे’ म्हटले नाही (तुमच्या बहिणीला याचेच दुःख आहे), आणि माझ्याच हाताला हे नाव चिकटलेले! त्याच्या पलीकडे एक सोडून अनामिका, म्हणजे बिननावाची. मोडायचे तर ते मोडायचे. त्या बोटाने माणसे गंध लावतात.

थट्टा पुरे. भटजी ‘मामा, मुलीला आणा’ म्हणतील तेव्हा तेजश्री मागे वळून बघेल. तिथे तुम्ही नसाल तर ती रडेल, आणि मीही. दुसरा मामा उभा करू म्हटले तर पोरगी जेवली नाही. तुम्ही याल असे मनापासून वाटते. आचाऱ्याला बुंदी सांगितली आहे.

आपला,
बद्रीनाथ

ता. क. प्लास्टर निघाले. बोट आता वाकले ते सरळ होईना. आल्यागेल्याला सारखे ‘या, या’ करते. परवा लाइनमन रस्त्यावरून आत आला आणि बिनसाखरेचा चहा पिऊन गेला.

पुन्हा ता. क. शिवकन्या म्हणते, साखरेचा डबा अण्णा आल्यावरच उघडेल. अण्णा, लग्नाची वाट बघू नका, उद्याच या. हा चहा लई कडू हाय.