उशाजवळची जागा

२ डिसेंबर
आज ल्हादुंगच्या आरोग्य केंद्रात रुजू झालो. खोली ऊबदार आहे, लोणी-मिठाचा चहा दिवसातून तीनदा मिळतो. खिंड बर्फाने बंद झाली आहे, मे महिन्यापर्यंत कोणी डॉक्टर वर येणार नाही. म्हणून रुग्ण गंभीर झाला की मी व्हिडिओ कॉल लावायचा. खालच्या शहरातून ठाकूर मॅडम पाहून सांगतात, इथे नर्स यांगचेन दीदी तसे करतात. मॅडमचा एक नियम आहे. कॉल लागताच खोलीत कोण कोण आहे ते मी मोठ्याने सांगायचे आणि वहीत लिहायचे. मी आठवीपर्यंतच शिकलो, पण अक्षर आणि शुद्धलेखन चांगले आहे. दीदी म्हणाल्या, बरं झालं आलास अंगदुई, आधीचा दिवटा प्रत्येक म्हाताऱ्याचं नाव नुसतं ‘मेमे’ लिहायचा.

९ डिसेंबर
छोपेल मेमेंच्या छातीत कळ आली. मी सांगितले: मेमे, दीदी, मी. मॅडमनी विचारले, आणि उशाशी करड्या कोटातले कोण? तिथे कोणी नव्हते. तसे म्हणालो, तर म्हणाल्या, पोरा, माझा चष्मा कालच बदललाय, नातेवाइकांना बाहेर काढ. दहा मिनिटांत मेमे गेले. वहीत तिघेच लिहिले.

१७ डिसेंबर
रस्त्यावर काम करणारा सुकराम. दरडीखाली डोके फुटले. पुन्हा उशाशी करडा कोट, फक्त मॅडमना दिसणारा. मॅडम चिडल्या, म्हणाल्या, या उपऱ्याचं नाव लिही आधी. मी ‘अनोळखी’ लिहिले. सुकराम चार वाजता गेला.
मग वही तपासली. मधल्या अकरा कॉलमध्ये तो नव्हता. ते अकराही जण घरी गेले.

१८ डिसेंबर
‘अनोळखी’ खोडले. या वहीतली पहिली खाडाखोड. ज्याला नाव नाही, त्याला माझ्या खोलीत जागा नाही. दोन्ही वेळा उशाजवळची डावी बाजू मोकळी होती; मॅडमना तो तिथेच दिसला. यापुढे तिथे मी उभा राहीन.

२३ डिसेंबर, सकाळी ९.१०
झांगमोला आणले. माझी धाकटी बहीण. बाळ सुखरूप आहे, पण तिचे रक्त थांबत नाही. ढग सरले की हेलिकॉप्टर येईल. मी उशाशी उभा आहे. दीदी म्हणाल्या, खांबासारखा काय उभा, गरम पाणी आण. मी म्हणालो, पाणी तुम्हीच आणा दीदी, मी हलणार नाही.

९.३५
नाडी लागत नाही. मॅडमनी विचारले, अंगदुई कुठे गेला, उशाशी तर तो करड्या कोटातलाच उभा आहे. मी हात वर केला. त्या म्हणाल्या, आता त्याने हात वर केला.

१०.२०
पाठीला गार लागते — भिंतीसारखे नाही. कोणीतरी खांदा धरून बाजूला ओढते आहे. ओढ तू. मी इथेच —
नाडी सापडली.

११.०५
हेलिकॉप्टर आले. झांगमोला नेले, बाळालाही. श्वास चालू होता, मी मोजला. दीदी दारातून मला हाका मारत आहेत. मी समोरच आहे. ओ दिली — त्यांनी खोलीत पाहिले आणि दार ओढून घेतले.

११.१०
वहीत लिहिले: झांगमो, बाळ, दीदी, अंगदुई. चौघे. शाईने. तीन नावे ठळक आहेत. चौथे फिके होते आहे — गिरवतो. पुन्हा फिके. पुन्हा गिरवतो. तू पुसत राहा, मी लिहीत — अंगदुई — अंगदुई — अंगदु