चेतनाच्या खात्यावर भाऊबंद

लोणखेडा, ६ ऑगस्ट २०२५

ती. अक्कांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

नवनीत उद्या म्हसावदला शेतावर येताहेत, त्यांच्या पिशवीत हे पाकीट देते. तुम्ही म्हणाल, भावजयीला फोन करायला काय झालं? झालं असं की माझ्या फोनवर चेतनाची नजर असते आणि तिच्या फोनवर माझी. म्हणून कागद.

लग्न झालेल्या लेकीला माहेरच्या देवीच्या प्रसादाचा रोट चालत नाही म्हणून तुम्ही रविवारी कानबाईला नव्हतात, तेव्हा सांगते. विसरवाडीच्या बेबीबाईंनी, माझ्या चुलत जाऊबाईंनी, पदराआडून फोन काढला आणि चेतनासाठी स्थळ आणलंय म्हणाल्या. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीसाठी! मुलाकडचे थांबायला तयार आहेत. पोर मजबूत शे, वावरनं काम हासत करी, असं त्यांना सांगूनही झालं आहे. त्यांना पाठवलेला फोटो दाखवला, तो पाहून मी गारच पडले. चेतनाचा मैदानावरचा, गोळाफेकीचा फोटो. तिने गोळा मानेशी धरलेला. बेबीबाईंनी गोळा कापून टाकला होता. उरली मान तिरकी करून लाजणारी मुलगी.

हा फोटो फक्त तिच्या इन्स्टावर होता. खातं प्रायव्हेट आहे आणि त्याची किल्ली मी स्वतःकडे ठेवली होती. कोणाची विनंती आली की मी पाहायची, मीच स्वीकारायची. अनोळखी माणूस एकही घेतला नाही. बेबीबाई घरच्या, म्हणून त्यांना मीच आत घेतलं.

चेतनाने ताटातला रोट संपवला, हात धुतले आणि खात्यावरचे सगळे फोटो पुसून टाकले. तेव्हापासून मला एका शब्दात उत्तरं मिळतात. जेवलीस का? हो. रागावलीस का? नाही. काल डायरी लिहायला घेतली तर पहिलं वाक्य आलं, ‘मी सगळी काळजी घेतली होती.’ ते मलाच खरं वाटेना. तुम्ही जन्मभर शाळेत पोरांमध्ये वावरलात. माझं कुठे चुकलं ते स्पष्ट लिहा.

तुमचा लोभ आहेच. या वेळी थोडा चेतनाकडे वळवलात तरी चालेल.

तुमची,
रोहिणी

म्हसावद, ९ ऑगस्ट

चि. सौ. रोहिणीस,
अ. उ. आ.

पाकीट पोहोचलं. आत काय आहे असं नवनीतला विचारलं, तर म्हणाला, लोणच्याची कृती असेल. माझा भाऊ अजून भोळा आहे, तसाच राहू दे.

आता तुझी चूक. चेतनाच्या खात्यावर मीही आत आहे, म्हणून चष्मा लावून यादी वाचली. अगं, ही यादी आहे की लग्नपत्रिका वाटायची तयारी? लोटन आबांना फोन सरळ धरता येत नाही, ते आत. त्यांचे जावई आत. त्या जावयांचे भाऊही आत. आणि जी महजबीन रोज तुझ्या मुलीच्या जोडीने मैदानावर गोळा फेकते, ती कुठे दिसेना. मैत्रिणींना का घेत नाहीस, असं मागे मी चेतनाला विचारलं होतं. ती म्हणाली, मम्मी रोटना नियम लावस, भाऊबंद आत आणि बाकीना बाहेर.

कानबाईचा रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, ते ठीक. फोटोला तो नियम कशाला? आपल्याकडे भाऊबंदाला नाही म्हटलं की वर्षभर अबोला, हे मला कळतं. पण तू भिडेपोटी दार उघडत गेलीस आणि त्यालाच मुलीची काळजी म्हणालीस.

बेबीबाईंना मी फोन केला. म्हटलं, तुम्ही कापलेला गोळा आधी नवरदेवाच्या हातात देऊन बघा, त्याला पेलतो का. त्या आधी हसल्या, मग रागावल्या. स्थळाचा विषय संपला.

यादी झाड. सुरुवात माझ्यापासून कर.

आशीर्वाद आहेतच, ते यादीबाहेरूनही पोहोचतात.

तुझी,
तापीअक्का

लोणखेडा, १७ ऑगस्ट

ती. अक्कांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

यादी झाडली. तुमच्या नावाशी हात अडखळला, पण काढलं. लोटन आबांना काही कळलं नाही. त्यांच्या जावयांना लगेच कळलं, आणि आमचं काय चुकलं असं त्यांनी फोन करून विचारलं. नवनीतनी फोन माझ्या हातात देऊन गोठा गाठला. महजबीनला आत घेतलं, मग किल्लीच चेतनाला दिली आणि म्हटलं, यापुढे तूच ठरव. ती बरं म्हणाली. पण खातं रिकामंच राहिलं.

काल भाजीबाजारात महजबीनची आई, अख्तरबानो, भेटली. चेतनाचा परवाचा थ्रो पाहिला, फारच छान, म्हणाली. कुठे पाहिला विचारलं तर मुलीच्या फोनवर, चेतनाच्या इन्स्टावर. म्हणजे चेतनाने दुसरं खातं काढलं आहे, अक्का, आणि मी त्याच्या बाहेर आहे.

तिच्या फोनचा पॅटर्न मला माहीत आहे. आज ती अंघोळीला गेली होती, फोन ओट्यावर चार्जिंगला होता. हातात घेतला, उलटा ठेवला, पुन्हा घेतला. आत नको तो माणूस असेल तर, ही भीती वाटते. पण ही खरंच भीती आहे, की मला बाहेर ठेवल्याचा राग आहे, ते मला ठरवता येईना. नळ बंद झाला तशी मी फोन ठेवून भाजी ढवळायला लागले. गॅस पेटवायचाच राहिला होता.

काय करू ते कळवा. हसून झाल्यावर कळवलंत तरी चालेल.

तुमची,
रोहिणी

म्हसावद, १९ ऑगस्ट

चि. सौ. रोहिणीस,
कच्च्या भाजीसकट अ. उ. आ.

हसून झालं.

फोन उघडू नकोस. उघडलास तर ती तिसरं खातं काढेल, आणि ते अख्तरबानोच्याही कानावर येणार नाही. अनोळखी माणसाची भीती वाटते ना? मग तेवढंच तिला तोंडावर विचार. ते विचारायचा आईला हक्क आहे, आणि तिने उत्तर दिलंच पाहिजे. बाकीचं तिचं. तुलाही आत जायचं असेल तर सगळे जातात तशी जा. विनंती पाठव आणि थांब.

आत घेतलं तर काय काय दिसलं ते मात्र सविस्तर लिही. रिटायर बाईला दुसरी करमणूक नाही.

धीर धर, आणि गॅस पेटव.

तुझी,
तापीअक्का

लोणखेडा, ५ सप्टेंबर

ती. अक्कांच्या सेवेशी,
सा. न. वि. वि.

विचारलं. दोघी शेंगा सोलत होतो. मनाशी बरीच तयारी केली होती, पण तोंडून एवढंच निघालं की तिथे कोणी अनोळखी आहे का गं? दुसऱ्या खात्याचं मला कळलंय हे तिला तेवढ्यावरून समजलं. तिने फोन आणला, यादी उघडली आणि फोटोंवर तळहात धरून मला नावं वाचू दिली. महजबीन, सोबतच्या मुली, त्यांना शिकवणाऱ्या मॅडम. सगळी मैदानावरची. मग म्हणाली, आते व्हयनं ना? मी म्हटलं, हो, आता झालं.

तिच्यासमोरच विनंती पाठवली. ती तशीच पडून राहिली. आम्ही शेजारी बसून जेवायचो, ती मीठ मागायची, मी द्यायचे, आणि विनंती पडूनच. गणपती बसले तरी पडूनच. तिने ती स्वीकारली का, हे मी दिवसातून किती वेळा बघायचे, ते तुम्हाला सांगत नाही.

काल तिने मला आत घेतलं.

तुम्ही सविस्तर मागितलं आहे. अक्का, मी पाहिलं, आणि लिहिणार नाही. परवा तिने विचारलं, हे सगळं तू आत्याला लिहितेस का? खोटं बोलवेना, हो म्हटलं. तिने हातातला फोन उलटा ठेवला. तेव्हा लक्षात आलं, बेबीबाईंनी तिचा फोटो पाठवला, मी तिचा राग, तिचा अबोला पाठवत होते. तिला कोणीच विचारलं नव्हतं. तिची माफी मागितली. ती म्हणाली, पुढच्या वेळी आधी विचार.

म्हणून आज विचारून लिहायला बसले आहे. एकच गोष्ट कळवायची परवानगी मिळाली आहे: गोळा आता पहिल्यापेक्षा लांब जातो. किती लांब, ते तुम्ही मैदानावर येऊन बघायचं आहे, आणि येताना फोन घरी ठेवायचा आहे.

माया असू द्या. उत्सुकता आवरा.

तुमची,
रोहिणी