पडद्यावरच्या पेशंटसमोर मोठ्याने बोलू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण प्रमुख,
भूल व अतिदक्षता सिम्युलेशन विभाग,
प्राणदीप वैद्यकीय कौशल्य केंद्र, नागपूर.

विषय : संगणकावरील पेशंट वाचविण्याच्या परीक्षेच्या चौथ्या प्रयत्नात मोठ्याने बोलण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : तिसरा प्रयत्न बाद ठरविल्याचे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार प्रताप नगर येथे राहत असून, बॅग डिकीत टाकून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये भूल देत फिरण्यात त्याचे केस पांढरे झाले आहेत. धरमपेठेतील ज्या रुग्णालयात त्याची अतिदक्षता विभागाची ड्युटी आहे, तेथे आपल्या या परीक्षेचे प्रमाणपत्र महिनाअखेर दाखल न झाल्यास त्याचे नाव फळ्यावरून पुसले जाईल. तरुण मंडळी हेच प्रमाणपत्र दुपारच्या डब्याआधी घेऊन जातात, हे त्याने पाहिले आहे.

२. पहिल्या प्रयत्नात पडद्यावरील पेशंटची नाडी मंदावू लागली. ते आपण तत्काळ ओळखले म्हणून अर्जदारास किंचित गर्व झाला. त्याने सवयीने "ॲट्रोपिन!" असा आवाज दिला व हात पुढे करून वाट पाहिली. ऑपरेशन थिएटरात अशा वेळी हातावर सिरिंज येते. येथे काही आले नाही. शेजारच्या प्रशिक्षणार्थी डॉ. खुशी म्हणाल्या, "काका, इथं सिस्टर नाही. माउस दाबा ना!" तोवर पेशंट गेला होता. निदान बरोबर होते, औषध बरोबर होते. फक्त ते कोणी दिले नव्हते.

३. हॉलमध्ये शांतता राखण्याची समज मिळाल्याने दुसऱ्या प्रयत्नात अर्जदार तोंड मिटून बसला. परिणामी आपण काय ठरवले ते त्याचे त्यालाच ऐकू येईना. घाईत एकच औषध दोनदा दाबले गेले. हाही पेशंट वाचला नाही. सॉफ्टवेअरने मात्र 'संयमित वर्तन' या रकान्यात पूर्ण गुण दिले.

४. तिसऱ्या वेळी अर्जदाराने थिएटरच्या सिस्टर कुसुमताई यांना सोबत आणून माउस त्यांच्या हाती दिला. अर्जदार औषध सांगे, ताई ते परत म्हणून "देऊ का साहेब?" विचारत, तो "द्या" म्हणे, मग बटण दाबले जाई. पेशंट वाचला. एका लॉगिनवर दोन व्यक्ती बसल्या म्हणून आपण प्रयत्न बाद केलात. त्यावर अर्जदार आपल्या कार्यालयात तावातावाने बोलला, त्याबद्दल दिलगीर आहे.

५. परतताना सीताबर्डीत चहा पिता पिता कुसुमताई म्हणाल्या, "साहेब, मी दिवाळीनंतर रिटायर होऊन राहिली. मंग कोनाले आवाज देसान?" अर्जदार थंड झालेल्या चहावरही फुंकर मारीत राहिला.

६. सबब, तिसरा प्रयत्न बादच राहू द्यावा. त्याविषयी तक्रार नाही. चौथ्यास अर्जदार एकटा बसेल. औषधाचे नाव मोठ्याने घेईल, "देऊ का?" असे स्वतःच विचारेल, स्वतःच "द्या" म्हणेल व मगच माउस दाबेल. हा प्रकार पाहून इतरांस अर्जदाराच्या प्रकृतीची काळजी वाटू नये म्हणून कोपऱ्यातील टेबल द्यावे. पेशंट खोटा आहे हे त्यास समजते. तरी आणखी एक गमावून घरी जाण्याची त्याची तयारी नाही.

परवानगीच्या आशेवर व आवाज तूर्त आवरून,

आपला नम्र,
डॉ. देवाजी लांजेवार
भूलतज्ज्ञ
दि. १२ सप्टेंबर २०२४

सोबत :
१) दोन्ही मृत्यूंचे संगणकीय अहवाल.
२) कुसुमताईंचा लेखी अभिप्राय : "साहेब लय ओरडतेत, पन टायमावर ओरडतेत."