अकरा वाजता येणाऱ्या घारी

माझ्या लाडक्या भिंगरीला आजीचे पोटभर आशीर्वाद. तू उंच राहा (पण फार नको), वेळेवर जेव आणि जरा कणकण वाटली तरी साहेबांना सांगून खालीच राहा. इकडे सगळं बरं आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे, तुझ्या आईचा राग आहे तसाच आहे. माझी नात विमान चालवते हे भाजीवाल्यापासून सगळ्यांना सांगून झालं. दाताच्या डॉक्टरांना तर तोंडात चिमटा असताना सांगितलं.

पण पत्राचं कारण वेगळंच. मी घाबरले आहे गं. विमानतळ वाढवताहेत ते तुला ठाऊक आहेच. नवी धावपट्टी आपल्या मागच्या मैदानापर्यंत येणार, म्हणून तिथल्या उंच झाडावर लाल फुली मारून गेलेत. आणि त्याच झाडावर घारीचं घरटं आहे, आत दोन पिल्लं. (घरट्यात काड्यांबरोबर तुझ्या बाबांचा हरवलेला मोजाही आहे. मी काही बोलले नाही.) पिल्लांना अजून धड पंख नाहीत. करवत आली तर ती जाणार कुठे, या विचाराने माझा घास घशाखाली उतरत नाही.

म्हणून शाळेच्या सभागृहात सुनावणी होती तिथे मी गेले. आमच्या बाजूने शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई पुढे होत्या. त्यांनी मला बजावून ठेवलं होतं, झाडाबद्दल दोन वाक्यं बोला आणि खाली बसा. पण हातात माईक आल्यावर दोन वाक्यांवर कोण थांबतं? (शाळेत दुसरीच्या पुढे कुणी जाऊ दिलं नाही, तेव्हापासूनचं बोलणं सगळं साठलेलं.) मी सांगितलं की मी रोज अकरा वाजता गच्चीवर खाटकाकडचे बारीक तुकडे फेकते, तू लहान असताना आपण दोघी फेकायचो, तेव्हा तीन घारी यायच्या, आता बत्तीस येतात आणि माझी निळी पिशवी लांबून ओळखतात. विमानतळाचे साहेब इतकं मन लावून लिहून घेत होते म्हणून सांगू. किती म्हणालात, असं दोनदा विचारलं. मला पाणी दिलं. मी फुगूनच खाली बसले.

बाई डोक्याला हात लावून बसल्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, घारी विमानांना धडकतात म्हणून तर त्या यांना नकोत. त्या इथे का जमतात याचा पुरावा ते वर्षभर शोधत होते, तो तुम्ही बसल्या जागी दिलात. भिंगरे, धडकतात हे ऐकलं आणि मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तुझी काच दिसली, आणि त्या काचेवर माझ्या हातचं खाल्लेली एक घार.

मंगळवारी सकाळी मी अर्ज घेऊन चालत विमानतळाच्या कचेरीत गेले. अर्जात एवढंच, की मी तुकडे फेकणं बंद करते, पण पिल्लं उडेपर्यंत झाड ठेवा. कागद चुरगळू नये म्हणून पिशवीत घातला. घरात हाताशी आली ती निळीच. रांगेत उभी होते तेवढ्यात अकरा वाजले. आधी एक आली. मग पाच. मग सगळं खटलंच आलं आणि कचेरीवर घिरट्या घालू लागलं. आत फोनवर फोन. कुणी म्हणालं, विमानं उतरवू नका. मी बाकावर बसून पिशवी पदराखाली घट्ट धरली. वर बघते तर घारींच्याही वर एक विमान गोल फिरतंय. सात फेऱ्या मोजल्या. असंच कुणाचं तरी लेकरू वर असेल, असं वाटलं. घारींना म्हटलं, "जा गं बायांनो, आज काही नाही." त्या कसल्या ऐकतात? शेवटी साहेब स्वतः बाहेर आले. म्हणाले, "आजी, अर्ज ठेवून घेतो, पण पिशवीही इथेच राहू द्या." कपाटात कुलूपबंद केली तेव्हा कुठे आभाळ मोकळं झालं. अर्जावर शिक्का मिळाला. पिशवी अजून त्यांच्याकडेच आहे.

तुझीच,
आजी

ता. क. खरं काम हे, की विमान चालवणारी म्हणून तू दोन ओळी लिहून पाठव, पिल्लं उडेपर्यंत झाड राहू द्या म्हणून. माझ्या शब्दाला आता तिथे कुणी विचारत नाही.

ता. क. दुसरं. तुझी आई म्हणते, मंगळवारी इथे उतरताना वर गर्दी होती म्हणून तुला फिरत राहावं लागलं. गर्दी नव्हती गं. मी होते.

ता. क. तिसरं. चार दिवस हात आवरला. पिल्लांची आई रोज येऊन कठड्यावर बसायची आणि नुसती बघायची. आज तिला एक तुकडा दिला. एकच. तरी इकडे येशील तेव्हा अकराला उतरू नकोस.